थेंब

तळघरात यंत्र बसलं त्या हिवाळ्यात मी बारा वर्षांची,
व्हरमाँटच्या डोंगरात, दगडखाणीच्या गावात,
एका खाणावळीत भांडी घासायचे.
परातीवरचं पाणी पुसायच्या आत काच होऊन बसायचं.

लूमिस नावाचा एजंट आला, मागून बैलांच्या घसरगाडीवर लोखंड.
मालकिणीला म्हणाला, "बाई, लावा आणि विसरून जा.
तेल आपलं आपण ठिबकतं, तापल्या भांड्यावर पडतं,
पडता पडताच त्याचा वायू होतो, या झाकणाखाली साठतो.
झाकण वर चढलं की तेलाची चावी बंद.
वर दिवे लागले, शेगड्या पेटल्या,
की झाकण खाली, चावी उघडी.
याला माणूस नको."

शेवटचं वाक्य तो असाहेलकडे न बघता बोलला.

असाहेल प्रूइट. बासष्ट कंदील.
रोज दुपारी तेल भर, वात कातर, काच पूस;
नखांतली काजळी ईस्टरलासुद्धा निघत नसे.
बासष्टाचं शून्य झालं एका बुधवारी.
मालकीण म्हणाली, राहा, बटाटे निवडायला तरी राहा.

बटाटे तळघरातच, यंत्राच्या शेजारी.
अंधारात कानांना दुसरं काम नसतं.
टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.
महिन्याभरात त्याला घर ऐकू यायला लागलं.
जेवणघर उजळलं की थेंबांची नुसती धांदल,
शाळा सुटल्यासारखी;
नवानंतर एकेक खोली मिटायची,
थेंब लांब लांब पावलं टाकायचे.
"चौदा नंबर अजून जागा आहे," तो मला सांगायचा,
"हिशेब जुळत नाहीये बिचाऱ्याचा."
चौदात लाकडाचा दलाल होता. सकाळी डोळे लाल.

कंटाळत नाहीस का, मी विचारलं.
"या झाकणाकडे बघ," तो म्हणाला, "भरलं की थांबतं.
माणसांत असं कुणी भेटलं नाही मला."
मग एक बटाटा नाकाशी नेऊन, "बटाट्यांतही नाही."

फेब्रुवारीत ओदील आली, क्वेबेकहून,
खाणीत पाय गेलेल्या मुलाला घरी न्यायला.
बावीस नंबर. हातात जपमाळ, आमच्या भाषेतले चार शब्द.
मी तिला दिवा लावून दिला.
मालवायचा कसा, तेही दाखवायला हवं होतं.
मला झोप येत होती.

रात्री असाहेल लाकडं आणायला अंगणात गेला.
वर पाहिलं. सगळ्या खिडक्या काळ्या.
तळघरात उतरला.
टप्.
उभा राहिला.
टप्.
सगळे निजले, तर हे घर पितंय कुणासाठी?

आधी त्याने चावी हाताने पिळून बंद केली.
मग निघाला. कंदील घेतला नाही,
बासष्ट कंदिलांच्या माणसाने, जाणूनबुजून.
जिने त्याच्या पायांना पाठ होते.
चौसष्ट वर्षांच्या खांद्याने दार फोडलं;
खिडकी बर्फाने चौकटीला चिकटलेली,
हातात अजून एक बटाटा होता, तोच काचेवर मारला.

ओदील जगली. दोन दिवस ओकली, पण जगली.
तिने फक्त फुंकर मारली होती,
देवाचं नाव घेऊन,
जन्मभर मेणबत्तीवर मारली तशी.

वसंतात लूमिस वही घेऊन आला.
"काही बिघाड? काही चूक?"
"नाही," असाहेल म्हणाला. "यंत्राने काही चूक केली नाही."
लूमिसने लिहून घेतलं. शाई वाळेपर्यंत फुंकत बसला.

बावीसच्या खिडकीला तोवर पोतंच होतं,
बटाट्याचं, आतून ठोकलेलं.
वारा आला की फुगायचं, गेला की बसायचं.
मी झाडायला जायचे तेव्हा रोज दिसायचं.
कुणी मला विचारलं नाही.
मी सांगितलंही नाही.